आचाऱ्याचा आचार्य: शब्दांकनाच्या सॉफ्टवेअरमधली अवघड अक्षरे

लग्नाचा स्वयंपाक करण्यात आयुष्य गेलेल्या एका आजोबांची मुलाखत माझ्याकडे शब्दांकनाला आली होती. सोबत आधी कोणीतरी केलेला कच्चा मसुदा होता. त्यात एक वाक्य होते: 'पंगत उठेपर्यंत आचार्यांना कोणी पाणीसुद्धा विचारत नसे.' वाचताना डोळ्यांपुढे एखादे विद्वान गुरुजी आले. ध्वनिमुद्रण लावले, तर आजोबा स्वच्छ 'आचाऱ्यांना' म्हणत होते. आचार्य म्हणताना र मागच्या 'चा'वर आदळतो, तिथे जोर येतो. आचारी या शब्दाचे 'आचाऱ्यांना' होते तेव्हा तो र पुढच्या 'या'त विरघळतो, मागच्या अक्षराला धक्का लागत नाही. मराठी कानाला हा फरक लहानपणापासून कळतो. मसुदा करणाऱ्यालाही तो कळला असणारच. त्याच्या बोटाला तो सापडला नाही, एवढेच.

इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर 'र्या' उमटवायला जे, डी, तिरकी रेघ आणि ई अशी चार बटणे लागतात. 'ऱ्या'लाही तीच चार. फक्त जे दाबताना शिफ्ट धरायचा. एका शिफ्टने आचाऱ्याचा आचार्य झाला आणि एका माणसाची आयुष्यभराची तक्रार भलत्याच माणसाच्या तोंडी गेली.

ध्वनिमुद्रण ऐकून जसेच्या तसे लिहून काढायचे, याला कोणी ट्रान्सक्रिप्शन म्हणते, कोणी शब्दांकन. या कामासाठीची सॉफ्टवेअर आता मुबलक आहेत. आवाज थांबवणे, मागे नेणे, हळू करणे, वेळेची नोंद टाकणे या गोष्टी ती उत्तम करतात. अक्षरे मात्र त्यांनी कीबोर्डच्या भरवशावर सोडली आहेत. माझे म्हणणे असे, की जे अक्षर टायपायला जड जाते ते शब्दांकनातून हळूहळू गळते. ते गळाले हे पुढे कोणाला कळत नाही, कारण ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकणारे थोडे आणि मजकूर वाचणारे पुष्कळ.

आधी मराठीतली ही अवघड अक्षरे कोणती ते पाहू. पहिला हा ऱ्य आणि त्याचा भाऊ ऱ्ह: दऱ्या, सुऱ्या, वाऱ्यावर, कुऱ्हाड, तऱ्हा, कऱ्हा नदी. मग इंग्रजी शब्दांतले ॲ आणि ऑ. स्वर लांबवल्याची खूण म्हणून येणारा अवग्रह, विसर्ग, चंद्रबिंदू. आणि लिपीत ज्यांना वेगळे चिन्हच नाही असे दंत्य च आणि ज. यातले कोणतेही अक्षर बोलणाऱ्याला 'विशेष' वाटत नाही. ते विशेष ठरते बटणाच्या जागेवरून.

बटण सापडले नाही की माणूस दिसायला जवळचे काहीतरी लावून वेळ मारून नेतो. अवग्रह कुठे आहे हे ठाऊक नसते, म्हणून 'अरेऽऽ' लिहिताना रोमन एस दोनदा दाबला जातो. विसर्गाऐवजी इंग्रजी अपूर्णविराम येतो आणि 'दुःख' हा शब्द संगणकाच्या लेखी मधोमध तुटतो. कागदावर छापल्यावर दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात, म्हणून ही सवय पिढ्यान्‌पिढ्या टिकली. शब्दांकन मात्र आता शोधण्यासाठी केले जाते. पन्नास मुलाखतींत 'दुःख' हा शब्द कोणी कुठे उच्चारला हे बघायचे असेल, तर अपूर्णविराम घातलेले सगळे दुःख निसटून जाते.

ॲ या एका अक्षराची कथा सविस्तर सांगायला हवी. लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या संकेताचा देवनागरी विभाग १९८८च्या इस्की या भारतीय संकेतावरून घेतला गेला. त्यात हिंदी वळणाचा ऍ होता, म्हणजे ए वर चंद्र. मराठीत तो अ वर लिहितात. मराठीचा ॲ स्वतंत्र अक्षर म्हणून आला तो २००८ साली, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, ०९७२ या क्रमांकावर. तोपर्यंत लोकांनी आपापली वाट काढली होती. कोणी अ लिहून त्यापुढे ॅ ही मात्रा जोडली. ती काही फॉन्टमध्ये ठिपक्यांच्या वर्तुळावर बसायची, म्हणून मध्ये डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह घातले. कोणी हिंदीचा ऍ तसाच चालवला. आज 'ॲडव्होकेट' हा शब्द चार प्रकारे टायपलेला सापडतो. त्यातले तीन पडद्यावर हुबेहूब एकसारखे दिसतात आणि संगणकाला ते तीन वेगळे शब्द वाटतात. अ अधिक ॅ ही जोडणी वापरू नका, असे युनिकोडच्या प्रमाणग्रंथात स्पष्ट सांगितले आहे. पण जुन्या फायलींनी तो ग्रंथ वाचलेला नसतो. ॲच्या जुन्या आणि नव्या रूपांना युनिकोड समान मानत नाही, त्यामुळे मजकूर आपोआप एकरूप करून देणारी नेहमीची सोयही इथे हात टेकते. बदल स्वतःच शोधून करावा लागतो.

ऱ्यचेही तसेच आहे. ०९३१ या क्रमांकाचा ऱ मुळात द्राविडी भाषांतला र देवनागरीत दाखवण्यासाठी दिलेला आहे. मराठीला त्याचे अख्खे रूप लागतच नाही. त्याचा पाय मोडला की जे अर्धे रूप मिळते, तेवढेच आपण आणि नेपाळी लोक वापरतो. दुसरी जुनी रीत म्हणजे साधा र, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे अदृश्य जोडचिन्ह. दोन्ही रीतींना मान्यता आहे, दोन्हींनी एकच आकार उमटतो, आणि एकाने शोधले तर दुसरा सापडत नाही. माझ्याकडच्या एका संग्रहात नदीचे नाव आहे म्हणून मी 'कऱ्हा' शोधले, तेव्हा पडद्यावर समोर दिसणाऱ्या ओळीतला शब्दसुद्धा संगणकाने नाकारला. अर्धा दिवस मी स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतला. मग ओळीतले एकेक अक्षर पुसत गेले, तेव्हा एका ठिकाणी पुसायचे बटण दाबूनही काहीच पुसले गेल्याचे दिसले नाही. तिथे ते अदृश्य चिन्ह बसलेले होते.

युनिकोडच्या आधीचा काळ ज्यांनी पाहिला, त्यांना एक वेगळीच गोष्ट आठवेल. त्या काळच्या फॉन्टनी देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवले होते. साधी रोमन अक्षरे पुरेनात, म्हणून फ्रेंच, जर्मन, पोर्तुगीज भाषांच्या टोपीवाल्या आणि टिंबवाल्या अक्षरांच्या जागाही त्यांनी घेतल्या. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट घराण्यातल्या 'सुरेख'सारख्या फॉन्टमध्ये डोक्यावर तिरकी रेघ असलेला मोठा रोमन ई म्हणजे आपला काना. म, त, प अशा प्रत्येक उभ्या रेघेच्या अक्षरातही तोच. म्हणून ती फाइल फॉन्टशिवाय उघडली, की ओळीओळीतून तो रेघवाला ई रांगेने उभा दिसतो. १९९०च्या दशकात आणि नंतरही कितीतरी वर्षे मराठी मुलाखती, आठवणी, सभांचे वृत्तांत असेच टायपले गेले. त्यातला मजकूर गेलेला नाही. त्या फॉन्टचा तक्ता ठाऊक असेल तर तो युनिकोडमध्ये आणता येतो, आणि त्यासाठीची परिवर्तक साधने आहेत. पण ऱ्य, ऱ्ह, ॲ आणि दुर्मिळ जोडाक्षरे यांवर ती साधने अडखळतात. म्हणून रूपांतरानंतर निदान एवढी अक्षरे तरी मूळ छापील प्रतीशी ताडून घ्यावीत.

आजच्या फायलींत दिसणारा गोंधळ वेगळा आणि ओळखायला सोपा आहे. युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षर तीन बाइट घेते आणि पहिला बाइट कायम तोच असतो. सॉफ्टवेअरने ती फाइल पश्चिम युरोपीय समजून उघडली, तर तो बाइट डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा रोमन ए म्हणून दिसतो. पानभर असे 'ए' दिसले तर घाबरू नये. मजकूर शाबूत आहे, फक्त युटीएफ-८ म्हणून पुन्हा उघडायचा. पानभर प्रश्नचिन्हे दिसली, तर मात्र कोणीतरी चुकीच्या संकेतात फाइल जतन केलेली असते आणि अक्षरे खरोखरच गेलेली असतात. उपशीर्षकांच्या फायलींमध्ये आणि एक्सेलमध्ये ये-जा करताना हे वारंवार घडते. मूळ प्रत बाजूला ठेवल्याशिवाय एक्सेलमध्ये काहीही जतन करू नये.

आता सॉफ्टवेअरकडे येते. भाषाशास्त्राच्या अभ्यासकांचे आवडते ईलान हे नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या माक्स प्लांक मानसभाषाविज्ञान संस्थेत तयार झाले. ते मजकूर युनिकोडमध्ये ठेवते, एकाच आवाजाखाली अनेक पट्ट्या देते, आणि पट्टीनुसार टायपण्याची पद्धत ठरवून देता येते. एका पट्टीत देवनागरी, दुसरीत आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी, तिसरीत भाषांतर अशी आखणी एकदा केली, की प्रत्येक वेळी कीबोर्ड बदलण्याचा त्रास बराच कमी होतो. मराठीच्या बोलींवर काम करणाऱ्याने हे शिकण्यात एक आठवडा घालवावा, तो वाया जात नाही.

ॲम्स्टरडॅमच्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वीनिंक यांच्या प्राट या ध्वनिविश्लेषणाच्या सॉफ्टवेअरने अगदी निराळा मार्ग निवडला. विशेष अक्षरासाठी आधी उलटी तिरकी रेघ, मग दोन साधी चिन्हे. मूर्धन्य ळ हवा असेल तर उलटी रेघ, एल आणि पूर्णविराम. मूर्धन्य ण साठी एलच्या जागी एन. पडद्यावर ध्वनिलिपीचे खरे अक्षर उमटते. पहिले दोन दिवस हे विचित्र वाटते. नंतर हात बसतो, आणि जगातल्या कोणत्याही कीबोर्डवर तेच चालते हा त्याचा मोठा गुण कळतो.

साध्या अक्षरांच्या जोडीने खास ध्वनी दाखवण्याची ही युक्ती आपल्याकडे चारशे वर्षे जुनी आहे. फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापले गेले. भाषा मराठी, लिपी रोमन, कारण देवनागरीचे खिळे छापखान्यात नव्हते. गोव्याच्या रोमी कोंकणीत आजही ळ साठी एल दोनदा आणि ट साठी टी दोनदा लिहितात. खास अक्षर न घडवता साध्या अक्षरांची जोडी ठरवून घेतली, म्हणून ते लेखन छापखान्यातून टाइपरायटरवर आणि तिथून फोनवर न अडखळता आले.

गोव्यातल्या वृद्धांच्या मुलाखती घेताना पोर्तुगीज नावे आणि शब्द येतात, तिथे रोमन पट्टीत लाटवाला ए आणि शेपटीवाला सी लागतात. विंडोजवर अमेरिकन-आंतरराष्ट्रीय कीबोर्ड निवडला, तर आधी लाट आणि मग ए, किंवा आधी अवतरणाची खूण आणि मग सी, एवढ्याने काम होते. मॅकवर अक्षर दाबून धरले की पर्याय वर येतात. ऑल्ट धरून अंक टायपण्याची जुनी रीत मी सोडून दिली, कारण बऱ्याच लॅपटॉपना अंकांची वेगळी पाटी नसते. वर्डमध्ये ०९७२ लिहून ऑल्ट आणि एक्स दाबले की ॲ मिळतो, पण ही सोय सगळीकडे मिळत नाही. शब्दांकनाच्या खिडकीत ती चालत नाही.

देवनागरीचे शास्त्रीय रोमनीकरण करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. आयएसओ १५९१९ या मानकात आपल्या ऱ्य मधल्या र साठी रोमन आर वर अर्धचंद्र द्यायचा आहे. असे तयार अक्षर युनिकोडमध्ये नाही, म्हणून आरपुढे ०३०६ हे जोडचिन्ह घालावे लागते, आणि काही फॉन्टमध्ये तो चंद्र आरच्या डोक्यावर न बसता शेजारी सरकतो. खाली टिंब असलेला एल या मानकात ळ साठी आहे, तर संस्कृतच्या रूढ रोमन पद्धतीत तोच ऌ या स्वरासाठी. मराठी मजकुराला संस्कृतची पद्धत लावली, की ळ ची पंचाईत होते.

ब्राउझरमध्ये चालणारे ओट्रान्स्क्राइब पत्रकारांना सोयीचे आहे. एस्केपने आवाज थांबतो, एफ१ ने मागे जातो, एफ३ ने हळू होतो. बटणे कमी, म्हणून मराठी कीबोर्डशी भांडण कमी. ईलानमध्ये कंट्रोल आणि स्पेसने आवाज चालू-बंद होतो. मॅकवर कीबोर्डची भाषा बदलायलाही मुळात हीच जोडी दिलेली असते. तेव्हा काम सुरू करण्यापूर्वी दोहोंपैकी एक जोडी बदलून घ्यावी. ईलानमध्ये ती मनाप्रमाणे ठरवता येते. ही बारीकसारीक गोष्ट वाटेल. पण माझे एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला चार ते सहा तास जातात. त्यात दर मिनिटाला हात अडला, की माणूस अक्षराशी तडजोड करू लागतो.

हीच अडचण उच्चारानुसार रोमनमधून टायपणाऱ्यांना वेगळ्या रूपात येते. 'दर्या' आणि 'दऱ्या' रोमनमध्ये एकसारखेच. सॉफ्टवेअर यादी दाखवते, त्यातून निवडायचे. निवांत पत्र लिहिताना ते ठीक आहे. कानात आवाज पुढे पळत असताना नजर यादीकडे नेली की पुढचे अर्धे वाक्य हुकते, म्हणून जे पहिले दिसेल ते स्वीकारले जाते. नियमित शब्दांकन करणाऱ्याने इन्स्क्रिप्ट शिकावे, असे मी आग्रहाने सांगते. जे बटण दाबले तेच अक्षर येते, आणि हाताला सवय झाली की डोळे मोकळे राहतात.

बोलींच्या बाबतीत प्रश्न बटणाच्या पलीकडे जातो. मराठीत अनुस्वार तीन-तीन कामे करतो. 'अंग'मध्ये तो अनुनासिक व्यंजन आहे. 'केलं'मध्ये नाकाचा संबंध नाही, अ जरा लांबला एवढेच. मालवणी माणूस नाकातून स्वर काढतो तेव्हा पुन्हा अनुस्वारच. मग चंद्रबिंदू वापरावा, तर मराठीत त्याची जागा आधीच अडली आहे. 'बँक' आणि 'काँग्रेस' हे शब्द आपण बहुतेक चंद्रबिंदूनेच टायपतो आणि वाचताना तिथे ॲ, ऑ ऐकतो. त्यामुळे मालवणी शब्दावर चंद्रबिंदू दिला, की घाटावरचा वाचक भलताच उच्चार करतो. मी मालवणीत अनुस्वार ठेवते आणि पहिल्या पानावर तसे लिहून ठेवते. दुसऱ्या कोणी उलट ठरवले तरी हरकत नाही, फक्त ते लिहिलेले असावे.

दंत्य च, ज साठी अक्षराखाली टिंब देण्याची पद्धत अभ्यासकांत आहे. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, 'चार' म्हणजे संख्या आणि गुराला 'चार', हे फरक त्याने दिसतात. पण मुलाखत वाचणाऱ्या सामान्य माणसाला ती टिंबे खडे वाटतात. मराठी माणूस संदर्भावरून उच्चार बरोबर करतो. उच्चार हाच अभ्यासाचा विषय असेल तिथे टिंब द्यावे, एरवी देऊ नये.

ळ ची गोष्ट मात्र सोडून चालणार नाही. वऱ्हाड-खानदेशात पुष्कळ ठिकाणी 'डोळा'चा 'डोया' होतो, 'काळा'चा 'काया'. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्यांच्या ओव्या घरच्यांनी ऐकून टिपल्या आणि १९५२ साली पुस्तक निघाले. तो य टिपणाऱ्यांनी प्रमाण मराठीत 'सुधारला' असता, तर आज आपल्या हाती दुसऱ्याच कुणाची तरी कविता असती. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या लाखाच्या घरात आहेत आणि त्यांतल्या अनेक आज ग्रामीण भारताचा संग्रह असलेल्या 'पारी'च्या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांचे बोलींचे सर्वेक्षणही ध्वनिमुद्रणावरच उभे आहे. अशा संग्रहांत प्रत्येक अक्षर कोणाच्या तरी तोंडातून आलेले असते.

आता यंत्र ऐकते आणि यंत्रच लिहिते. गुगलचे मराठी श्रुतलेखन २०१७ साली आले. ओपनएआयचे व्हिस्पर सप्टेंबर २०२२ मध्ये, आणि त्यात मराठी आहे. कच्चा मसुदा मिळतो, वेळ वाचतो, हे मी रोज अनुभवते. विशेष म्हणजे यंत्राला शिफ्ट दाबायचा कंटाळा नसतो. 'ऱ्या' ते बिनतक्रार लिहिते. त्याची खोड दुसरी आहे. ते ऐकलेल्या शब्दाला ओळखीच्या शब्दाकडे ओढते. 'डोया' उच्चारला, तरी बऱ्याचदा 'डोळा' उमटतो.

आणि यंत्र किती अचूक हे मोजतानाच आपली अक्षरे हरवतात, ही बाब मला फार लागली. व्हिस्परसोबत दिलेल्या कोडमध्ये, चुका मोजण्याआधी मजकूर साफ करणारा एक भाग आहे. इंग्रजीखेरीजच्या भाषांसाठी तो विरामचिन्हे आणि 'खुणा' काढून टाकतो. युनिकोडच्या वर्गवारीत काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्ह ही सगळी खुणांतच मोडतात. तो भाग जसाच्या तसा वापरला, की 'पाणी' आणि 'पुणे' या दोन्ही शब्दांचे प आणि ण एवढेच उरतात. मग यंत्राने पाण्याच्या जागी पुणे लिहिले तरी चूक मोजलीच जात नाही. भारतीय भाषांवर काम करणाऱ्यांनी हे दाखवून दिले आहे, आणि खुणा राखून मोजण्याची रीत ते वापरतात. मराठी श्रुतलेखनाच्या अचूकतेचा आकडा कोणी सांगितला, तर काना-मात्रा धरून मोजला का, हे विचारावे.

त्या आजोबांची मुलाखत मी शेवटी मुळापासून पुन्हा तपासली. पहिल्या पानावर पाच-सहा ओळी लिहिल्या: ॲ कोणत्या क्रमांकाचा, ऱ कोणता, लांबवलेल्या स्वराला अवग्रह, विसर्ग खरा, बोलीतले रूप तसेच. मग 'आचार्य' हा शब्द पूर्ण फाइलभर शोधला. तो सात ठिकाणी होता. प्रत्येक ठिकाणी आवाज मागे नेऊन ऐकला. सहा ठिकाणी आचारी होते. सातव्या ठिकाणी आजोबा खरोखरच एका आचार्यांच्या घरच्या मुंजीबद्दल बोलत होते, तो शब्द तसाच ठेवला.